पावलांच्या फायली

६ जानेवारी

वहिनी,

बसून वाच. हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव.

तुमच्या केंद्राच्या सगळ्या जुन्या फायली आमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे त्या मोठ्या गणकयंत्रावर, चढवायचं काम निघालंय, आणि ते कोणाच्या गळ्यात पडलंय? तुझ्या दिराच्या! साहेबांनी सहज विचारलं, "कृत्रिम पायांबद्दल इथे कोणाला काही माहिती आहे का?" मी म्हटलं, माझ्या थोरल्या भावाला होता एक, आणि माझी वहिनी त्याच केंद्राचं दफ्तर सांभाळते. झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर काम असं. आमचं मशीन एका खोलीएवढं आहे, पण त्याला फाईल वाचता येत नाही. त्याला लागतात पुठ्ठ्याची कार्डं, भोकं पाडलेली. एका कार्डावर ऐंशी घरं. एका घरात एक अक्षर नाहीतर एक आकडा. एका माणसाला एक कार्ड. मी छापील तक्ते पाठवतोय. तू फाईल उघडायची आणि तिच्यातली माहिती चौकोनांत भरायची: नंबर, वय, पावलाची लांबी, रुंदी, बाजू, पाय कधी दिला. त्यावरून इथल्या मुली कार्डं पाडतील आणि मशीन ती वाचून टेपवर घेईल. पुढे कोणाचं पाऊल झिजलं की मशीनच कारखान्याला हुकूम छापून देईल. तुला शिडीवर चढून फायली काढायला नकोत.

आता दुसरी बातमी, ही जास्त चांगली. जूनअखेर काम संपलं की दफ्तर बंद, तुझी जागा बंद, आणि केंद्रानं दिलेल्या त्या दोन खोल्याही सोडाव्या लागतील. घाबरू नकोस. आमची मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. तुझ्या धाकट्या जावेनं भिंतींना फिकट पिवळा रंगसुद्धा लावून घेतला. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. तिथे एकटीनं तू काय धरून बसलीयस ते मला कधीच कळलं नाही. आता सुटलीस एकदाची!

तुझा,
मशीनवाला

१५ जानेवारी

भावजी,

बसून वाचलं. चहा तरी सांडलाच.

एक माणूस ऐंशी अक्षरांत? अहो, शाळेतून आल्यावर दप्तर कुठे हरवलं एवढं सांगायला तुम्हाला अर्धी दुपार लागायची. आणि तरी ते सापडायचं नाही.

फाईलमध्ये काय असतं ते तुम्हाला माहीत नसणार. माणूस आला की मिस्त्री त्याला तपकिरी कागदावर उभं करतात आणि पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ मारतात. गुदगुल्या होतात. मोठमोठे मिशावाले गडी लहान मुलासारखे खिदळतात. तो कागद घडी करून फाईलमध्ये जातो. मग मी विचारते आणि लिहिते: घरी जिना आहे का, काम उभ्याचं की बसून, पाय ओढता का. एका बाईंनी सांगितलं, मला नाचायला आवडतं. तेही लिहिलंय. ह्या बाईंना मी तुमच्या कोणत्या घरात बसवू?

मिस्त्री म्हणजे आमच्याकडे पाय करणारे आणि बसवणारे. तुमच्या दादांचा पायही त्यांनीच केला होता, तुम्ही एकदा पाहिलंत त्यांना. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या मशीनला विचारा, तुला कधी बूट चावलाय का."

तक्ते पाठवा. कामाला मी नाही म्हटलंय का कधी? खोलीचं म्हणाल तर पिवळा रंग मला आवडतो. धाकटीला सांगा, हौशी आहेस गं बाई. बाकी बघू. जून लांब आहे.

तुमची,
वहिनी

२४ जानेवारी

वहिनी,

मिस्त्रींना सांग, मशीनला बूट चावत नाही, पण ते माणसाला चावतं. काल माझ्या सदऱ्याची बाही कार्ड वाचणाऱ्या खोबणीत अडकली.

तुझ्यासाठी शेवटची सहा घरं मोकळी काढली. साहेबांशी भांडून काढलीत, किंमत ठेव. ज्याला जे लागू असेल तो आकडा एकेका घरात लिहायचा. घरी जिना असेल तर १. उभ्याचं काम २. पाय ओढणारा ३. चढाची वाट ४. ओलसर जागा ५. ओझं उचलणारा ६. आणि नाचणारीला ७. हसू नकोस, साहेबांनी सही केलीय त्यावर. ह्या देशात सरकारदरबारी नाचण्याला आकडा मिळवून देणारा तुझा दीर पहिलाच असेल!

जून लांब नाही. पलंग कुठे ठेवायचा, खिडकीखाली की भिंतीशी? धाकटी विचारतेय.

तुझा,
मी

२२ फेब्रुवारी

भावजी,

उशीर झाला खरा. पण पहिला गठ्ठा ह्या पत्राबरोबर येतोय, म्हणजे नुसती तोंडाची वाफ दवडत नव्हते.

जुन्या फायलींमधलं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी एकटी असते तर अजून अ च्या पुढे गेले नसते. मिस्त्री दुपारी त्यांचं काम आटोपून येतात, दोघांचा चहा घेऊन, आणि समोर बसून वाचून देतात. त्यांना अक्षर लागत नाही, माणूस आठवतो. "हा? हा पोस्टमन. ह्याच्या टाचेला खालून आणखी एक थर घाला म्हणून मागे लागलेला." मग मी ४ लिहिते, चढाची वाट. कधीकधी आम्ही एकाच फाईलवर तासभर बोलत बसतो आणि तक्ता तसाच राहतो. साहेबांना सांगू नका.

माझी खिडकी वाऱ्यानं आपटायची ना, ती आता आपटत नाही. मिस्त्रींनी पाय बनवायच्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवला.

एक विचारायचं होतं. जी माणसं आता नाहीत त्यांच्या फायलींचं काय करायचं? त्यांना कार्ड आहे का?

पलंगाचं मला विचारू नका. तुमचं घर, तुम्हाला योग्य वाटेल तिथे ठेवा.

तुमची,
वहिनी

१२ मार्च

वहिनी,

गठ्ठा मिळाला. कार्डं पाडणाऱ्या मुली तुझ्या अक्षरावर खूष आहेत. म्हणतात, बाकीच्या ठिकाणांहून येतं ते वाचायला मांत्रिक लागतो.

जे गेले त्यांनाही कार्ड आहे. तुझ्या सहा घरांच्या अगदी आधीच्या घरात ९ लिहायचा. ९ म्हणजे फाईल बंद. त्या माणसाच्या नावानं मग हुकूम निघत नाही.

आता खुशखबर! पहिल्या गठ्ठ्यावर आम्ही मशीन चालवून पाहिलं. नवं पाऊल ज्यांना द्यायचं झालंय अशी सगळी माणसं मशीननं पाणी प्यायच्या वेळात शोधली आणि कारखान्याचा हुकूम छापला. पावलं तयार होऊन पेटी तुमच्याकडे निघालीय. मिस्त्रींना म्हणावं, उघडा आणि बघा, बूट न चावता काय काय जमतं ते!

"तुमचं घर" काय गं? कधीपासून माझं घर तुझं नाही झालं? कामाचा थकवा असेल म्हणून सोडून देतो.

तुझा,
मी

२८ मार्च

भावजी,

आता तुम्ही बसा.

पेटी आली. बाकावर एका शाळेतल्या बाई, आपला पोस्टमन आणि आणखी चारपाच माणसं सकाळपासून वाट बघत होती. मिस्त्रींनी फळी उचकटली, भुसा बाजूला केला, पहिलं पाऊल काढलं. बघितलं, खाली ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. मग हळूच स्टूल ओढून बसले आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं ह्यांना काही होतंय. पळत गेले, तर हसत होते! डोळ्यांतून पाणी, आवाज फुटत नाही. शाळेतल्या बाईंनी आपलं पाऊल उचललं, स्वतःच्या पायाशेजारी धरलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे माझ्याकडे आहे आधीच."

सगळीच्या सगळी पेटी उलट्या बाजूची, भावजी. डाव्याला उजवं, उजव्याला डावं.

घोटाळा कसा झाला ते सांगते. गेलेल्या पावलाभोवती रेघ कशी मारणार? जे शाबूत आहे त्याभोवतीच मारतात, आणि कागदावर लिहितात तेही त्याच पावलाचं. कागदावर "डावं" असेल तर डावं आहे, करायचं ते उजवं. इथे ही गोष्ट सगळ्यांना इतकी अंगवळणी पडलीय की कोणी बोलूनच दाखवत नाही. मी "बाजू"च्या घरात फाईलवर होतं तसं उतरवलं. तुमच्या मशीननं ते गेलेलं समजून तेच करायला सांगितलं.

माणसं रिकाम्या हातानं परत गेली. हसत गेली, पण गेली. पोस्टमनला अजून महिनाभर त्या झिजलेल्या पायावर चढ चढायचाय. तेवढं मला लागलं.

तुमची,
वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

इथे माझी पार शोभा झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या भावाला कोणत्या बाजूचा पाय होता, तेवढं तरी आठवतंय ना?"

दुरुस्ती म्हणशील तर एका ओळीची आहे. डावं असेल तिथे उजवं धर, उजवं असेल तिथे डावं. केली. नवी पेटी महिन्याच्या आत येईल, पोस्टमनचं पाऊल सगळ्यात वर ठेवायला सांगितलंय.

पण मला सांग, तो मिस्त्री रोज तुझ्यासमोर बसून चहा ढोसत होता ना? तक्ता डोळ्यांसमोर होता. एवढी वर्षं पाय करतोय, त्याला एकदाही वाटलं नाही की हे सांगावं? अशा माणसांमुळे आमच्यासारख्यांची मान खाली जाते. जुनी खोडं ही, नवीन काही होऊच नये असं वाटतं त्यांना.

तुझा,
मी

९ एप्रिल

भावजी,

उचलली जीभ लावली टाळ्याला!

मिस्त्रींना नावं ठेवायची नाहीत. मला चालणार नाही. ते माझ्यासमोर फायली वाचत होते, तक्त्याचे नियम नव्हते वाचत. नियम तुम्ही केलेत, तक्ते भरले मी. "बाजू म्हणजे कोणती बाजू" हे तुम्ही मला विचारलं नाही आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक वाटायचीच असेल तर आपल्या दोघांत अर्धी अर्धी करू, तिसऱ्या ताटात कशाला वाढता? आणि जुनं खोड कोणाला म्हणता? ती उलटी पेटी वाया जाऊ नये म्हणून तो माणूस आठवडाभर एकेक पाऊल मोजतोय, कोणत्या नव्या माणसाला कुठलं चालेल ते बघतोय. "मुलाला बोलणी बसली असतील" असं तुमच्याचबद्दल म्हणत होते. आणि तुम्ही "ढोसत होता" लिहिता! ढोसत नाहीत ते. फार हळू चहा पितात.

शेवटचा गठ्ठा पाठवतेय. सगळं झालं. तुमच्या दादांची फाईल मी शेवटी ठेवली होती, तीही भरली. दोन दिवस ते एक घर रिकामं ठेवलं, मग ९ लिहिला.

तुमची,
वहिनी

३० एप्रिल

वहिनी,

आधी मिस्त्रींची माफी. त्यांना माझा नमस्कार सांग. खरंच सांग.

आज दादाचं कार्ड हातात आलं. मुली गठ्ठे लावत होत्या, मी वरवर चाळत होतो आणि नंबर दिसला. उजेडासमोर धरलं. भोकांतून पलीकडचा दिवा दिसत होता. वय, लांबी, रुंदी, बाजू. तुझ्या सहा घरांत तू १ लिहिलेला. आपल्या जुन्या घराचा तो जिना, वहिनी! दादा रोज रात्री तो धडधड चढायचा आणि तू वरून ओरडायचीस, सावकाश. मी पांघरुणात पडून ऐकायचो. मशीनच्या खोलीत उभा राहून मी रडलो. मशीन तापू नये म्हणून तिथे फार गार ठेवतात. मुलींना वाटलं मला सर्दी झालीय.

मग कार्ड वाचायला घातलं. गेलं एका क्षणात.

आता तुला तिथे ठेवणारं काही उरलं नाही. एक जुलैपासून खोली तुझी. पलंग खिडकीखाली लावलाय. दादा असता तर हेच म्हणाला असता, वहिनीला एकटं ठेवू नकोस. मी गाडी घेऊन कधी येऊ तेवढं कळव.

तुझा,
मी

१० मे

भावजी,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. आता पाचव्यांदा लिहितेय आणि तसंच टाकणार आहे.

तुमच्याकडे राहायला यायचं माझ्या मनात नाही. धाकटीत काही कमी नाही, खोलीत काही कमी नाही, तुमच्यात तर नाहीच. मिस्त्रींनी मला लग्नाचं विचारलंय.

लिहिलं एकदाचं.

कसं झालं तेही सांगते, म्हणजे तुम्ही भलतंसलतं मनात आणणार नाही. तुमच्या दादांच्या वेळी ते फक्त मिस्त्री होते. नंतर सहा वर्षंही मिस्त्रीच होते. नमस्कार, पाऊस, थंडी, एवढंच बोलणं. हे फायलींचं काम निघालं आणि आम्ही समोरासमोर बसायला लागलो. शेवटचा गठ्ठा बांधला त्या दिवशी ते कप हातात धरून म्हणाले, "जूननंतर दफ्तर नसणार. मग मी दुपारी हा चहा घेऊन कुठे जाऊ?" मी म्हटलं, सरळ विचारा काय ते. कान लाल झाले त्यांचे, पण विचारलं.

मला हवंय, भावजी. ह्या वयात हे लिहायला लाज वाटते आणि तरी हवंय. सकाळी उठल्यावर कोणीतरी खोकलं पाहिजे पलीकडे. जुन्या फायली त्यांनी केंद्राकडून आपल्या कामाच्या खोलीत मागून घेतल्यात, रेघेचे कागद त्यांना लागतातच. तिथेच एक टेबल माझ्यासाठी टाकतो म्हणतात.

पण मी त्यांना हो म्हटलेलं नाही. म्हटलं, मला आधी एका माणसाला विचारायचंय. माझे आईवडील नाहीत. लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही चौथीत होतात, आणि सासरी माझ्याशी पहिलं कोणी बोललं असेल तर तुम्ही. तुम्हाला दुखवून मला घर मांडता येणार नाही. हे मी रागावून किंवा धाक घालून सांगत नाही, जसं आहे तसं सांगते. तुम्ही नको म्हणालात तर मी पिवळ्या खोलीत येईन, आनंदानं राहीन, आणि हे पत्र तुम्हाला आलंच नव्हतं असं दोघं समजू.

उत्तर लिहा. वाईट असलं तरी लिहा. गप्प बसू नका.

तुमची,
वहिनी

२ जून

अहो मोठ्या जाऊबाई,

ह्यांचं उत्तर गेलं नाही हे मला आज कळलं, म्हणून मी लिहितेय. ह्यांना न सांगता.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून आमच्याकडे घुम्याचं राज्य आहे. कामावरून येतात, जेवतात, पिवळ्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. काल विचारलं, आत करता तरी काय? म्हणाले, "पलंग कुठे ठेवावा ते बघतोय." रागावलेत म्हणाल तर नाही. रुसलेत. राग मोठ्या माणसाला येतो. हे चौथीतलं पोर आहे, ते तुम्हीच हाताळलेलं बरं.

मला विचाराल तर मी एप्रिलमध्येच ओळखलं. "ढोसत नाहीत ते. फार हळू चहा पितात." हे वाक्य वाचून मी ह्यांना म्हटलं, वहिनींचं काहीतरी आहे हं. हे म्हणाले, "काही नाही, ती पहिल्यापासून न्यायी आहे." आता काय बोलायचं ह्या माणसापुढे! मशीन कळतं, बाई कळत नाही.

माझं मत तुम्ही विचारलं नाही, तरी देते. करा लग्न. खोलीची काळजी करू नका, माझं शिवणयंत्र कधीपासून जागा शोधतंय. ह्यांना मी लिहायला बसवते. नाही बसले तर जेवण बंद.

तुमची,
धाकटी

८ जून

ताई,

दचकलीस? सांगतो.

आधी हे, की तुला महिनाभर ताटकळत ठेवलं. तू गप्प बसू नका म्हणालीस आणि मी नेमकं तेच केलं. तिकडे तुझे दिवस कसे गेले असतील हे धाकटीनं मला जेवताना ऐकवलं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. मी स्वतःला सांगितलं की दादासाठी वाटतंय. आठ दिवस तेच सांगत होतो. पण दादा माझ्यासारखा नव्हता. तो असता तर म्हणाला असता, मिस्त्री चांगला माणूस आहे, पाय कधी करकरला नाही त्याचा. मग वाईट कशाचं वाटत होतं? खरं लिहितो. तुझं पत्र वाचून पहिलं मनात आलं ते असं, की आता माझं कोण? आई गेली, दादा गेला, आता तूही दुसऱ्या घरची होणार. ती खोली मी तुझ्यासाठी रंगवली असं सगळ्यांना सांगत होतो. तुझ्यासाठी नव्हती गं. तू इथे असलीस की मी अजून कोणाचातरी धाकटा असतो.

एवढं एकदा कळलं आणि मग दार उघडून बाहेर आलो.

तर ऐक. कर लग्न. माझी नुसती हरकत नाही असं नाही, मला आनंद आहे, तो जरा उशिरा आला एवढंच. आमच्या घराचं तुझ्यावर काही ओझं राहता कामा नये असं मी ठरवलंय. त्या घरात तू दादाची बायको म्हणून जाऊ नकोस, माझी बहीण म्हणून जा. आईवडील नाहीत म्हणालीस ना? मी येतो माहेरचा म्हणून. नोंदणीच्या कागदावर तुझ्या बाजूनं सही मी करीन. आजपासून वहिनी म्हणणार नाही. ताई म्हणेन, मिस्त्रींना दाजी म्हणेन. जीभ वळायला वेळ लागेल, पण वळवीन. तुला मोकळं करायचं तर नीट करायला हवं.

तारीख कळव.

तुझा,
भाऊ

१३ जून

भावजी,

ताई कोणाला म्हणता? खबरदार!

तुमचं पत्र पोस्टमननं दारात दिलं आणि मी ते उभ्यानं वाचलं. शेवटपर्यंत गेले आणि तिथेच पायरीवर बसून रडले. तो बिचारा घाबरला. म्हणाला, वाईट बातमी का? म्हटलं, नाही हो, दिराचं पत्र आहे. त्याला काही कळलं नाही. तुमच्या होकारानं रडले, पण त्याहून जास्त तुमच्या त्या शहाणपणानं रडले. अति शहाणा, दुसरं काय! मला मोकळं करायला निघालेत. मी कधी म्हटलं मोकळं करा म्हणून? दुसरं लग्न करतेय, पहिलं पुसत नाहीये. तुमचे दादा माझे यजमान होते, ते तसेच राहतील, आणि मी तुमची वहिनी आहे ती मरेपर्यंत वहिनीच. बहिणी कोणालाही मिळतात. तुम्हाला वहिनी एकच मिळाली, तीही बोलकी, ती घालवू नका.

आणि "माझं कोण" असं पुन्हा लिहाल तर येऊन कान पिळीन. धाकटे तुम्ही राहणारच. मी कुठल्या घरात झोपते त्यावर ते ठरत नाही.

मिस्त्रींना काल स्पष्ट सांगितलं. म्हटलं, मी हो म्हणतेय, पण नीट ऐकून घ्या. माझ्याबरोबर आंदण म्हणून भांडीकुंडी काही यायची नाहीत, एक दीर येईल. तापट आहे, रुसतो, पत्राला उत्तर वेळेवर देत नाही. त्याला मी सोडणार नाही. पटत असेल तर बोला.

ते बराच वेळ हातातला साचा फडक्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "मला धाकटा भाऊ कधी नव्हता. त्याच्याशी काय बोलायचं असतं ते तेवढं सांगून ठेवा."

तर शनिवारी सकाळच्या गाडीनं दोघंही या. सही हवी तर माझ्या बाजूनं करा, पण नात्याच्या चौकोनात दीर असंच लिहा. ते तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येणार आहेत, मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. दोन दिवसांपासून सदरा काढून ठेवलाय. आधी तुम्ही बोला, भावजी. त्यांना सुरुवात जमायची नाही.

तुमची,
वहिनी